मिस्त्रींचं अडलेलं वाक्य

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला दोन कामं नेमून दिली. सकाळी चहा ठेवायचा आणि चहा उकळेपर्यंत मामंजींना शुभवर्तमानांच्या पुस्तकातलं एक वाक्य वाचून दाखवायचं. चूल धुरकट होती, म्हणून मला पहिलं काम अवघड वाटलं आणि दुसरं अगदीच सोपं. एक वाक्य वाचायला असा कितीसा वेळ लागतो? आठ वर्षांनंतर सांगते, चूल परवडली.

मामंजी दगडाच्या भिंती बांधतात. सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं. सासूबाईही रागावल्या की मिस्त्रीच म्हणतात. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण एकदा ऐकलेलं ते विसरत नाहीत, आणि तीच तर पंचाईत. पहिल्याच सकाळी मी भरभर अर्धं पान वाचून काढलं, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांब, सूनबाई. खालचा थर बसल्याशिवाय वरचा दगड ठेवत नाहीत. एक वाक्य वाचायचं. ते दिवसभरात करायचं. झालं तर उद्या पुढचं. नाही झालं तर उद्या पुन्हा तेच."

"आणि करण्यासारखं काही नसलं तर?"

"असतंच."

पहिलं पान नुसतं नावांचं होतं, कोण कुणाचा मुलगा आणि कोण कुणाचा बाप. मला वाटलं, यात काय करणार? मामंजींनी स्वतःच्या घराण्याची नावं गोळा करायला घेतली. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या दारात जाऊन बसायचे. पाच पिढ्यांच्या मागे कुणालाच काही सांगता येईना, तेव्हा कुठे आम्ही पुढे सरकलो. उपासाचा भाग आला त्या दिवशी त्यांनी दिवसभर काही खाल्लं नाही आणि दुपारपासून कोंबड्यांनाही धारेवर धरलं. दिव्याचं वाक्य आलं तेव्हा बाहेरच्या खांबाला कंदील टांगला. तो वाऱ्यानं विझायचा आणि हे उठून पुन्हा लावायचे. चढ चढून येणाऱ्यांना बरं पडायचं, हे मात्र खरं. नवरा ट्रकवर असतो. महिन्यातून दोनदा घरी आला की मला विचारायचा, "काय, बाबा कुठवर पोचले?" आणि मी पान दाखवलं की पोट धरून हसायचा.

मग आलं ते वाक्य.

त्यात सांगितलेलं एवढंच, की देवाला काही द्यायला निघालेल्या माणसाला वाटेत आपल्या भावाच्या मनातला राग आठवला, तर देणं तिथेच राहू दे, आधी भावाकडे जा. मी वाचलं. चहा उकळला, उतू गेला, मी फडक्यानं पुसून घेतला, तरी मामंजी बोलेनात. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झालं. आता बसतो हा गाडा चिखलात."

गाडा बसला तो पुढचे चौदा महिने.

मामंजींना एकच भाऊ, धाकटा. मी त्यांना काका म्हणते. आमच्या वावराच्या खालच्या बाजूला त्यांचं वावर आणि त्याच्या पलीकडे त्यांचं घर. काकाही भिंतीच बांधतात, मामंजींच्याच हाताखाली शिकले. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवाराची भिंत बांधायचं काम त्यांना मिळालं. त्यांचं स्वतंत्र असं ते पहिलंच काम. काकूंचं नवीन लग्न झालेलं, त्या दगड वाहून देत होत्या. भिंत छातीएवढी झाली त्या दिवशी उपासना संपवून मंडळी बाहेर आली आणि कुणीतरी मामंजींना म्हणालं, "बघा की मिस्त्री, धाकट्यानं कशी केलीय." मामंजींनी खिशातून ओळंबा काढला, दोरी सोडली, बघितलं आणि भिंतीला लाथ घातली. दोन हात भिंत सगळ्यांच्या समोर खाली आली. एक दगड काकूंच्या पायाजवळ पडला.

हे मला सासूबाईंनी सांगितलं. सांगताना त्या शेंगा सोलत होत्या आणि त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

त्या दिवसापासून दोघे भाऊ बोलत नव्हते. काका रस्त्याच्या कामांवर जायला लागले. बायका झऱ्यावर भेटायच्या, एकमेकींच्या घागरीला हात लावायच्या. पुरुषांचं मात्र नाव काढायचं नाही, असं ठरूनच गेलं होतं.

वाक्य आलं त्या दिवशी मामंजी लगेच गेले होते. नाही म्हणायला जागा नाही. मीही मागून गेले. काका दारात उभे होते. मामंजी म्हणाले, "माझं चुकलं. पण भिंत दोन बोटं बाहेर होती."

काका आत गेले.

महिन्याभरानं मामंजी पुन्हा गेले. या वेळी मी रस्त्यात त्यांना चार वेळा बजावलं होतं, भिंतीचं काढायचं नाही. ते हो हो म्हणाले. दारात उभं राहून "माझं चुकलं" म्हणाले, थोडा वेळ कळ काढली आणि मग "पण तूच सांग" असं म्हणत खिशातून ओळंबा काढला. काकूंनी दार लावून घेतलं. माणूस माफी मागायला जाताना फळं नेतो, निदान रिकाम्या हातानं जातो. आमचे मामंजी पुरावा घेऊन गेले.

"खोटं कसं बोलू?" परत येताना ते मला म्हणाले. "वाकडी होती ती."

"वाकडी होती म्हणून लाथ मारायची?"

"तेच तर चुकलं म्हणतोय ना मी."

"मग तेवढंच म्हणा."

"तेवढंच म्हटलं तर त्याला वाटेल भिंत सरळ होती."

यापुढे बोलणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. रविवारी मामंजी देवळापर्यंत यायचे आणि पायरीवर बसायचे. आत यायचे नाहीत. द्यायला आणलेली बटाट्यांची पिशवी मांडीवर घेऊन, चपलांच्या शेजारी. पाळकसाहेबांनी तीनदा हाताला धरून बोलावलं. मामंजी म्हणाले, "आधी तिकडे जा, असं लिहिलंय. मी गेलो, पण झालं नाही. मग आत कसा येऊ?" येणारेजाणारे त्यांना ओलांडून जायचे. सासूबाई आत बसून गाणी म्हणायच्या आणि त्यांचं सगळं लक्ष दाराकडे. रोज सकाळी मी तेच वाक्य वाचायचे. मला ते पाठ झालं, सासूबाईंना झालं. कोंबड्यांनाही झालं असावं.

खरं सांगायचं तर मी चोरून पुढचं वाचत होते. दुपारी मामंजी कामावर गेले की पुस्तक काढायचं आणि शेवटपर्यंत जायचं. मला कुठले थर लावायचे होते! पण त्यांना सांगायची सोय नव्हती.

या वर्षी पाऊस आला तो थांबेचना. अठरा दिवस ऊन दिसलं नाही. एकोणिसाव्या दिवशी सकाळी धडधड आवाज झाला आणि आम्ही धावत गेलो तर आमच्या वावराची खालच्या अंगाची भिंत बसली होती. तीस हात लांबीची भिंत, पुरुषभर उंच. दगड आणि चिखल मिळून काकांच्या बटाट्यांच्या चार ओळींवर पसरले होते. आमच्या वावराची माती उघडी पडली होती आणि कडेनं भिजून भिजून तुटत होती. पुन्हा असा पाऊस झाला असता तर निम्मं वावर खाली गेलं असतं, आणि आम्हाला तेवढं एकच वावर.

दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाली. मामंजींनी पहार काढली. नवऱ्याला निरोप दिला, पण त्याची गाडी घाटापलीकडे अडकली होती. तेव्हा मिस्त्री म्हणजे मामंजी आणि मजूर म्हणजे मी.

दगड सगळे खाली, काकांच्या शेतात. मामंजी बांधाच्या कडेला उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू उतर. मी इथून घेतो."

"तुम्ही का नाही?"

"त्यानं बोलावलेलं नाही."

मग मी गुडघाभर चिखलात उतरून दगड काढायचे, छातीशी धरून कडेला आणायचे आणि ते वाकून वरून घ्यायचे. ओला दगड हातात ठरत नाही. बोटांची सालं गेली. दुपारपर्यंत माझी कंबर म्हणजे कुणा दुसऱ्याचीच वाटायला लागली. काकू त्यांच्या दारातून बघत होत्या. थोड्या वेळानं एक जुनं पोतं आणून त्यांनी मुकाट्यानं बांधावर ठेवलं. हाताला गुंडाळायला असणार.

मामंजी आमच्या हद्दीतल्या पट्टीत उतरून पाया खणायला बसले तेव्हा मला खरी भीती वाटायला लागली. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ते कुणाला सांगत नाहीत, पण चहाचा कप ते चाचपून उचलतात. ते दगड उचलायचे, फिरवायचे, त्याच्या अंगावरून अंगठा फिरवायचे आणि बसवायचे. दगड पक्का बसायचा, हलायचा नाही. पण दोरी त्यांना दिसत नव्हती. ओळंबा लावायचे, डोळे बारीक करून बघायचे, "हं" म्हणायचे आणि पुढचा दगड मागायचे. मला दिसत होतं. पहिल्या दिवशी चार हात काम झालं, आणि कमरेइतक्या उंचीवर भिंतीनं पोट काढलं होतं.

मी सांगायला तोंड उघडलं. ते त्या वेळी चिखलाचे हात विजारीला पुसत भिंतीकडे मान कलती करून बघत होते. चेहरा इतका समाधानी, की माझ्या तोंडातून "छान झालं" एवढंच आलं. घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या कणिक मळायच्या थांबल्या.

"किती?"

"चार बोटं असेल."

"देवा रे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कणिक मळायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर भिंत सरळ होती.

मला वाटलं, काल थकव्यानं माझेच डोळे फिरले असतील. त्या दिवशी आणखी साडेतीन हात झालं, पुन्हा फुगीर. मी नीट बघून ठेवलं, काडी लावून मोजलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तेही सरळ. तेव्हा चौथ्या दिवशी मी चहाच्या आधीच उठले. उजाडत होतं. वावराच्या कडेला जाऊन खाली बघितलं.

काका आदल्या दिवशीचा फुगलेला भाग उतरवत होते. काकू शेजारी उभ्या राहून एकेक दगड हातात घेत होत्या आणि क्रमानं गवतावर मांडत होत्या. कसला म्हणून आवाज करत नव्हते. मला बघून काका दगड धरून तसेच उभे राहिले, चोरी पकडल्यासारखे.

"दादाला सांगू नकोस," ते म्हणाले.

"काका, तुम्ही..."

"वाकडी भिंत माझ्याच शेतात येऊन पडणार ना. एकदा बटाटे गेले तेवढे पुरे. मी भिंतीसाठी करतोय."

"हो तर," काकू म्हणाल्या. "भिंतीसाठी रात्रभर कूस बदलतात. भिंतीला दिसत नाही म्हणून भिंतीची काळजी लागलीय यांना."

"तू गप्प बस."

"लोक येतील बघायला," काकू मला म्हणाल्या. "मिस्त्रींचा हात गेला म्हणतील. ते यांना ऐकवणार नाही. बस, एवढंच."

काका पाठ करून कामाला लागले. ते डावखुरे आहेत. दगडाखाली चीप, म्हणजे दगडाचा पातळ कपचा, ठोकायची तर डावीकडून ठोकतात. मी तशीच मागे फिरले, घरी येऊन चूल पेटवली आणि धूर होता म्हणून बरं झालं, डोळ्यांना कारण मिळालं. मग मामंजींना तेच वाक्य वाचून दाखवलं. भावाकडे जा. वाचताना माझा आवाज चिरकला. त्यांना वाटलं मी कंटाळले.

"मलाही कळतंय," ते म्हणाले. "तू दमली असशील या एकाच वाक्याला."

गुपित पोटात ठेवून काम करणं दगड उचलण्यापेक्षा जड. मी त्या दिवशी दोनदा पाय घसरून पडले. दुपारनंतर मामंजी आधीच्या दिवशीच्या कामाला नवीन काम जोडायला वाकले, सांध्यावरून हात फिरवला आणि थांबले. परत फिरवला. बोट एका फटीत घातलं.

"सूनबाई, इथे कोण आलं होतं?"

मी पुढचा दगड शोधायला वाकले.

"ही चीप डावीकडून ठोकलीय."

मग ते उठले आणि भिंतीच्या सुरुवातीला गेले. तिथून दोन्ही तळहात दगडांवर ठेवून एकेक पाऊल सरकत आले, थर चाचपत, वरून खाली, खालून वर. अकरा हात भिंत. त्यांचा राग मला माहीत आहे. शेवटाला आले आणि चिखलातच बसले.

"सगळीच," ते म्हणाले. "रोजच येतो?"

"हो. उजाडताना. काकूही येतात."

"पोट काढलं होतं का माझ्या भिंतीनं?"

"हो."

"किती? खरं सांग."

"चार बोटं, मामंजी."

खाली काकांच्या शेतात तुटलेल्या बटाट्यांच्या वेली चिखलात पडल्या होत्या. मामंजींनी आपले दोन्ही हात समोर धरले आणि बघत राहिले. त्यांना ते कितपत दिसत होते कोण जाणे.

"मी त्याला दोन बोटांसाठी लाथ घातली," ते म्हणाले. "चारचौघांत."

त्या दिवशी पुढे काम झालं नाही. घरी येताना मी त्यांचा हात धरला आणि त्यांनी धरू दिला, जे आठ वर्षांत कधी घडलं नव्हतं. जेवले नाहीत. सासूबाईंनी विचारलं नाही, मीच त्यांना कानात सगळं सांगितलं. त्या उठून मामंजींच्या पायांना तेल लावत बसल्या.

सकाळी मी उठले तेव्हा मामंजी चुलीपाशी बसलेले. चूल पेटवलेली, पुस्तक मांडीवर.

"वाच," ते म्हणाले.

मी ते पान उघडलं.

"ते नको. ते माझ्याच्यानं होत नाही. चौदा महिने बघितलं. मी जातो आणि भावाला भिंतीची मापं सांगून येतो. तू पुढे वाचलंयस ना?"

मी चपापले. "कुणी सांगितलं?"

"दुपारी पुस्तक जागेवर नसतं. आंधळा होतोय, खुळा नाही झालो. पुढे असं काही आहे का, की माणसाला जमलंच नाही तर काय करायचं?"

सासूबाई चहाची पातेली घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी पानं उलटली. चौदा महिने जिथे बोट ठेवलं होतं ते पान कुठेतरी मागे राहिलं आणि मी पार पुढचं, तिसऱ्या शुभवर्तमानाच्या शेवटाकडचं काढलं. जिथे त्याला क्रुसावर खिळतात आणि तो खिळणाऱ्यांसाठीच बापाकडे माफी मागतो. मी हळूहळू वाचलं.

"थांब," मामंजी म्हणाले. "खिळे मारत असताना?"

"हो."

"त्यांनी मागितली होती का माफी?"

"नाही."

"त्यांना कळलं तरी होतं का आपण काय करतोय ते?"

"नाही. तसंच म्हणतो तो."

मामंजींनी विस्तवाकडे तोंड केलं. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मलाही आवरेना, खोटं कशाला सांगू.

"उलटंच बांधत होतो मी," ते म्हणाले. "मला वाटत होतं, मी एकेक थर चढवत त्याच्यापर्यंत जायचं. सगळं नीट लावून झालं की मग तो म्हणणार, ये आत. आणि तो तर केव्हाचा खाली उतरलाय. मी वाकडं लावून झोपतो आणि तो मागून येऊन सरळ करतो. मला पत्तासुद्धा नाही."

"कोण? देव की भाऊजी?" सासूबाईंनी विचारलं.

"दोघंही," मामंजी म्हणाले, आणि काठी न घेताच उठले.

"अहो, चहा तरी घ्या!"

पण ते वावराच्या वाटेला लागले होते. सासूबाई पातेली तशीच हातात घेऊन मागे, आणि त्यांच्या मागे कप घेऊन मी. आमची ही वरात बघून कोंबड्या बाजूला झाल्या.

काका भिंतीपाशी होते. आम्हाला बघून त्यांनी हातातला दगड खाली ठेवला. मामंजी बांधाच्या कडेला आले, जिथे चार दिवस उभे राहून दगड घेत होते, आणि बसून, हातांनी चाचपत, खाली उतरले. काकांच्या शेतात. पाय चिखलात रुतला. काका पुढे झाले, पण हात दिला नाही.

"माझं चुकलं," मामंजी म्हणाले.

मी, सासूबाई, काकू, आम्ही तिघी जणी वाट बघत राहिलो. काकांची नजर मामंजींच्या खिशाकडे गेली. 'पण' येणार होतं. मामंजींचे ओठही हलले. मग मिटले. 'पण' काही आलं नाही.

मग काकाच बोलले.

"अजून ओळंबा लावला की मला तुमचा पाय दिसतो, दादा. पंधरा वर्षं. कुणाचीही भिंत असू दे. वाटतं, आता मागून येईल."

"हो," मामंजी म्हणाले.

"ही त्या दिवशी पोटुशी होती. दगड पडला तो हिच्यापासून वीतभर लांब."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंनी पातेली बांधावर ठेवली आणि काकूंकडे बघितलं. काकू दुसरीकडे बघत होत्या. मामंजी चिखलात गुडघ्यांवर बसले. काकूंच्या पायांकडे त्यांनी हात नेला. काकू मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "अहो, उठा, भावोजी. मूल सुखरूप झालं. आता तर घोड्याएवढं झालंय." आणि रडायला लागल्या.

"माझा राग गेला असं समजू नका," काका म्हणाले.

"नसू दे गेलेला," मामंजी म्हणाले. "तुझा आहे तो. मी तुला घाई करणार नाही."

"मग आता?"

"आता आभाळ बघ. दुपारपर्यंत टिकलं तर टिकलं. कालचं माझं किती बाहेर आहे?"

काकांनी दोरी धरली, बघितलं. सांगावं की नाही असं त्यांना झालं. "तीन बोटं," ते म्हणाले.

"पाड."

काकांनी लाथ मारली नाही. एकेक दगड उचलला आणि गवतावर ठेवला, काकूंनी मांडला, तसा मीही मांडायला लागले. मामंजी बाजूला उभे होते, हात लोंबते सोडून. चाळीस वर्षांत त्यांना भिंतीपाशी असं रिकामं उभं राहिलेलं मी सोडा, सासूबाईंनीही बघितलं नसेल. ते घसा साफ करून म्हणाले, "मिस्त्री, मी काय करू?"

आम्हाला वाटलं ते स्वतःशीच बोलले. मग कळलं, ते धाकट्या भावाला मिस्त्री म्हणाले होते. काका पाठमोरे होते. त्यांचा हात तसाच दगडावर राहिला. मान खाली गेली.

"भर," ते शेवटी म्हणाले. वळले नाहीत. "दर्शनी दगड मी लावतो, तुम्ही मागे बारीक दगडांची भर करा. ती डोळ्यांनी करतच नाहीत. रस्त्याच्या कामावर माणसं घमेलं ओतून मोकळी होतात आणि पहिल्या पावसात भिंत बसते. तुमच्यासारखी भर मला अजून जमत नाही, दादा."

मामंजी भिंत आणि माती यांच्या मधल्या जागेत उतरून बसले. छातीपर्यंत आत गेले, फक्त डोकं आणि खांदे दिसत होते. सासूबाईंनी चहा ओतला, तो गार झाला होता, तरी सगळ्यांनी घेतला. मग मामंजींनी तळहात वर केला. काकांनी पुढे वाकून पहिला लहान दगड त्यावर ठेवला, आणि तो अंगठ्यानं फिरवून बघत मामंजी म्हणाले, "हा नको, याहून चपटा दे."